गाठीच्या खुणा आणि हिंगोलीचा रुग्ण

घशाच्या कर्करोगाचे निदान झाले की घरची माणसे डॉक्टरांना आधी दोन गोष्टी विचारतात: माणूस बरा होईल का, आणि खर्च किती येईल. खर्चाचा अंदाज लवकर मिळतो. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मात्र आजही मुख्यतः ‘स्टेज’वर बेतलेले असते. गाठ केवढी आहे, मानेत उतरली आहे का, फुप्फुसापर्यंत पोचली आहे का, यावरून डॉक्टर अंदाज बांधतात. ही पद्धत टाकाऊ नाही. गेली अनेक दशके सगळे उपचार तिच्याच आधाराने ठरत आले आहेत. पण एकाच स्टेजचे, एकाच वयाचे आणि सारखेच उपचार घेतलेले दोन रुग्ण असतात. त्यांतला एक पाच वर्षांनीही शेतातली कामे उरकत असतो आणि दुसऱ्याची गाठ वर्षाच्या आत उलटते. हा फरक स्टेज सांगत नाही. तो गाठीच्या पेशींत, रुग्णाच्या रक्तात, त्याच्या शरीराच्या एकूण ताकदीत दडलेला असतो. त्यातले जे मोजता येते त्याला बायोमार्कर, म्हणजे जैविक खूण म्हणतात. पुढच्या प्रकरणांचा विषय या खुणा आहेत. त्यांच्याकडे पाहताना एक कसोटी शेवटपर्यंत हातची सोडू नये, असे मला वाटते. ज्या खुणेमुळे उपचाराचा एखादा निर्णय बदलतो आणि जी आपल्याकडच्या, तंबाखूने झालेल्या घशाच्या कर्करोगावर तपासून पाहिलेली आहे, तीच खूण मराठवाड्यातल्या हिंगोली जिल्ह्यातल्या रुग्णाच्या कामाची. बाकीच्या खुणा संशोधनाच्या दृष्टीने मोलाच्या असतील, पण त्यांच्या भरवशावर रुग्णाला पदरचे पैसे खर्च करायला लावणे योग्य नाही.

‘आपल्याकडचा’ कर्करोग म्हणजे कोणता, हे आधी नीट पाहायला हवे. घसा हा एक अवयव नाही. नाकामागचा भाग, टॉन्सिल आणि जिभेचे मूळ असलेला मधला भाग, अन्ननलिकेच्या तोंडाशी असलेला खालचा भाग आणि आवाजाची पेटी म्हणजे स्वरयंत्र, असे त्याचे चार भाग पडतात. या चारही ठिकाणचे कर्करोग सारखे वागत नाहीत. नाकामागच्या कर्करोगाचा संबंध एप्स्टीन-बार विषाणूशी आहे आणि त्या विषाणूचा डीएनए रक्तात मोजून आजाराचा माग काढता येतो. पण भारतात तो प्रामुख्याने ईशान्येकडे, विशेषतः नागालँडमध्ये आढळतो. महाराष्ट्रात घशाच्या उरलेल्या तीन भागांच्या कर्करोगाचे मोठे कारण तंबाखू आहे. हे इथल्याच संशोधनाने दाखवले आहे. सांघवी, राव आणि डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचा मुंबईतील रुग्णांवरचा अभ्यास १९५५ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. तंबाखू चघळणाऱ्यांत तोंडाचा आणि विडी ओढणाऱ्यांत जिभेच्या मुळाचा व घशाचा कर्करोग जास्त, हा भेद त्यात स्पष्ट झाला. साठ-सत्तर वर्षांत व्यसनाचे रूप पालटले. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील १५ वर्षांवरील २६.६ टक्के लोक कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेतात. धूर ओढणारे ३.८ टक्के आहेत, तर चघळणारे किंवा दाताला लावणारे २४.४ टक्के. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत या पाचही तालुक्यांत कोणत्याही चावडीवर, हळदीच्या मोंढ्यात किंवा एसटी स्टँडवर उभे राहिले तरी चुना-तंबाखू मळणारे हात दिसतात, म्हाताऱ्यांच्या खिशात विडीचे बंडल असते आणि २०१२ पासून बंदी असलेल्या गुटख्याच्या रिकाम्या पुड्या पायाखाली येतात. रुग्णाला या पार्श्वभूमीपासून वेगळा काढून त्याची गाठ समजून घेता येत नाही.

गेल्या वीस वर्षांत घशाच्या कर्करोगात सर्वांत मोठी उलथापालथ ज्या खुणेने केली, तिची जन्मकथा मात्र वेगळ्या समाजातली आहे. अमेरिकेत आणि उत्तर युरोपात सिगारेट कमी होत गेली, तरी टॉन्सिल व जिभेच्या मुळाचे कर्करोग वाढत राहिले. कारण निघाले एचपीव्ही, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागे असतो तोच विषाणू. या विषाणूचे एक प्रथिन पेशीच्या वाढीवरचा लगाम तोडते. ते झाले की पेशीत पी-१६ नावाचे दुसरे प्रथिन साचत जाते, आणि हे साचलेले पी-१६ विषाणूच्या वावराची खूण ठरते. २०१० मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेल्या अमेरिकन अभ्यासात एचपीव्ही असलेल्या रुग्णांपैकी ८२.४ टक्के तीन वर्षांनी जिवंत होते, नसलेल्यांपैकी ५७.१ टक्के. घशाच्या कर्करोगात एकट्या खुणेने एवढे मोठे अंतर दाखवणे विरळाच. कर्करोगाच्या स्टेज ठरवणाऱ्या नियमावलीच्या आठव्या आवृत्तीत पी-१६ असलेल्या मधल्या घशाच्या कर्करोगासाठी वेगळी मांडणीच करावी लागली. मानेत गाठी असूनही ज्याची स्टेज आधी चौथी धरली असती, असा रुग्ण त्या मांडणीत पहिल्या स्टेजचा ठरू शकतो. एखाद्या खुणेने उपचारशास्त्राचा नकाशाच बदलावा, अशी उदाहरणे वैद्यकात थोडी आहेत. या शोधाचे मोल मी कुठेही कमी लेखत नाही.

आक्षेप आहे तो ही खूण जशीच्या तशी उचलून मराठवाड्यातल्या रुग्णाला लावण्यावर. भारतातल्या निरनिराळ्या केंद्रांतून आलेले एचपीव्हीचे आकडे एकमेकांशी फारसे जुळत नाहीत, पण एकंदरीत इथले प्रमाण अमेरिकेपेक्षा पुष्कळ कमी आहे, यावर मतभेद नाहीत. प्रमाण कमी असले की खुणेचा अर्थही बदलतो. पी-१६ची तपासणी कशी होते ते पाहिले की हे लक्षात येते. गाठीचा काढलेला तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसवतात, त्याचे चार-एक मायक्रॉन जाडीचे काप काचेवर घेतात आणि त्यावर पी-१६ला चिकटणारे प्रतिपिंड सोडतात. जिथे प्रथिन असेल तिथे तपकिरी रंग चढतो. गाठीच्या किमान ७० टक्के पेशींत, केंद्रकात आणि बाहेरच्या पेशीद्रवात असा दोन्हीकडे, ठळक रंग दिसला तरच खूण ‘आहे’ म्हणायची. म्हणजे इथे विषाणू दिसत नाही, दिसतो त्याचा परिणाम; आणि हा परिणाम विषाणूशिवाय दुसऱ्या वाटेनेही घडू शकतो. कॅनडा आणि युरोपातील साडेसात हजारांहून अधिक रुग्णांची माहिती एकत्र करून २०२३ मध्ये ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’त एक विश्लेषण आले. पी-१६ आणि विषाणू दोन्ही असलेल्यांपैकी पाच वर्षांनी सुमारे ८१ टक्के जिवंत होते, दोन्ही नसलेल्यांपैकी सुमारे ४०. पी-१६ आहे पण विषाणू नाही, अशांचा आकडा सुमारे ५५ होता. हा मधला गट विषाणू विरळ असलेल्या प्रदेशांत तुलनेने मोठा होतो, हेही त्याच विश्लेषणात दिसले. तेव्हा आपल्याकडे केवळ तपकिरी रंग पाहून रुग्णाला ‘तुमचा आजार सौम्य जातीचा’ असे सांगणे धोक्याचे आहे. पी-१६ आढळले तर विषाणूची थेट तपासणीही करावी, हा नियम इथे अधिक कडकपणे पाळायला हवा.

दुसरी अडचण तंबाखूच्या हिशेबाची. २०१० च्याच अमेरिकन अभ्यासात एचपीव्ही असूनही ज्यांनी भरपूर सिगारेटी ओढल्या होत्या आणि ज्यांच्या मानेत आजार जास्त पसरला होता, त्यांचे तीन वर्षे जगण्याचे प्रमाण कमी धोक्याच्या गटातल्या ९३ टक्क्यांऐवजी ७०.८ टक्के होते. तिथे सीमारेषा धरली होती ‘दहा पॅक-वर्षां’ची, म्हणजे रोज वीस सिगारेटी या हिशेबाने दहा वर्षे. आता औंढ्याच्या बाजूचा शेतमजूर पंधराव्या वर्षापासून विडी ओढतो, दिवसातून सात-आठ वेळा तंबाखू दाढेत धरतो आणि रात्री झोपतानाही काढत नाही. त्याची पॅक-वर्षे कशी काढायची? विडीत तंबाखू कमी असते, पण ती विझू नये म्हणून झुरके वारंवार घ्यावे लागतात. चघळलेल्या तंबाखूला तर त्या सूत्रात जागाच नाही. परदेशी सूत्रात कमी गुण मिळवणारा हा माणूस ‘कमी धोक्या’च्या रकान्यात जाऊन बसेल आणि अंदाज तिथेच चुकेल. विज्ञान सगळीकडे एकच असते, मग प्रत्येक प्रदेशात तेच अभ्यास पुन्हा कशाला, असे कोणी विचारील. पेशीचे रसायन सगळीकडे एकच आहे, हे मान्य. सीमारेषा मात्र रसायनातून येत नाहीत. ज्या रुग्णांवर त्या बेतल्या त्यांच्या सवयी, त्यांचा आहार, त्यांना मिळालेले उपचार यांतून त्या येतात, आणि हे सगळे बदलले की त्यांची फेरतपासणी करावीच लागते.

खुणांबद्दल बोलताना एक भेद सतत निसटतो आणि त्याची किंमत रुग्ण मोजतात. काही खुणा फक्त पुढे काय होण्याचा संभव आहे ते सांगतात. काही खुणा अमुक उपचार या रुग्णाला लागू पडेल की नाही ते सांगतात. पहिल्या प्रकारच्या खुणेवरून उपचार कमी-जास्त करण्याचा मोह होतो. एचपीव्हीच्या रुग्णांचे भवितव्य चांगले, मग त्यांना सिस्प्लॅटिनसारखे कठोर औषध कशाला, त्याऐवजी सेटुक्सिमॅब देऊन त्रास वाचवू, असा विचार अमेरिकेत आणि युरोपात झाला. हेतू उत्तम होता. २०१८ मध्ये दोन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष आले आणि दोन्हींत सौम्य औषध घेतलेले रुग्ण जास्त संख्येने दगावले. त्रासही म्हणावा तसा कमी झाला नाही. चांगली खूण म्हणजे कमी उपचारांची परवानगी, हा समज त्या चाचण्यांनी खोटा ठरवला. उलट दिशेनेही तसेच आहे. टीपी-५३ हे जनुक बिघडलेल्या गाठींचे भवितव्य वाईट असते, हे २००७ मध्ये ४२० रुग्णांच्या अभ्यासात दिसले. निम्म्याहून थोड्या अधिक गाठींत ते बिघडलेले होते. पण ते बिघडले आहे असे कळल्यावर उपचारात नेमके काय बदलावे, याचे खात्रीचे उत्तर आजही हाती नाही. म्हणून संशोधनात ही खूण महत्त्वाची असली, तरी हिंगोलीच्या रुग्णाने तिची तपासणी पदरच्या पैशाने करून घ्यावी असे मी म्हणणार नाही.

निर्णय बदलणाऱ्या खुणांचा पुरावा शोधायला मात्र फार लांब जावे लागत नाही. १९४१ मध्ये सुरू झालेल्या मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात गेल्या दहा-बारा वर्षांत डोके-मानेच्या कर्करोगावर झालेल्या चाचण्यांचा रुग्णवर्ग आपल्यासारखाच आहे: तंबाखूचा, उशिरा आलेला, मर्यादित ऐपतीचा. त्यांपैकी एका चाचणीत ५३६ रुग्णांपैकी निम्म्यांना किरणोपचार व साप्ताहिक सिस्प्लॅटिनबरोबर निमोटुझुमॅब हे औषध दिले गेले. एकूण गटात आजार रोखून धरण्यात फायदा दिसला, पण खरा उलगडा नंतर झाला. मधल्या घशाचा कर्करोग असलेले आणि एचपीव्ही नसलेले रुग्ण वेगळे काढून पाहिले, तेव्हा दोन वर्षांनी जिवंत असलेल्यांचे प्रमाण ३९ टक्क्यांवरून ५७.६ टक्क्यांवर गेलेले आढळले. इथे विषाणूचा अभाव हीच उपयोगी खूण ठरली. पश्चिमेकडे जी बाजू ‘वाईट’ म्हणून सोडून दिली जाते, ती आपल्या बहुसंख्य रुग्णांची बाजू आहे, आणि त्यांच्यासाठी काहीतरी करता येते असे या आकड्यांनी दाखवले. हे विश्लेषण नंतर केलेले आहे. त्यामुळे त्यावर अखेरचा शिक्का मारता येत नाही. तरी प्रश्न विचारण्याची दिशा बरोबर आहे, असे माझे मत आहे.

त्याच रुग्णालयातले दुसरे उदाहरण मला त्याहून मोलाचे वाटते, कारण त्यातली मोजमापे अगदी साधी आहेत. सिस्प्लॅटिन मूत्रपिंडावर आणि कानावर आघात करते. रक्तातील क्रिएटिनिनवरून मूत्रपिंडाची ताकद कमी दिसली किंवा ऐकू कमी येत असले, तर ते देता येत नाही, आणि अशा रुग्णांना पूर्वी बहुधा नुसता किरणोपचार मिळत असे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अशाच ३५६ रुग्णांपैकी निम्म्यांना किरणोपचाराबरोबर दर आठवड्याला थोडे डोसेटॅक्सेल दिले गेले. दोन वर्षांनी जिवंत असलेल्यांचे प्रमाण ४१.७ टक्क्यांवरून ५०.८ टक्के झाले. क्रिएटिनिन तालुक्याच्या कुठल्याही लॅबमध्ये होते. त्याला कोणी बायोमार्कर म्हणून मिरवत नाही, पण माझ्या कसोटीवर ते पुरेपूर उतरते. पीडी-एल-१ ही प्रतिकारशक्तीशी निगडित खूण याच्या उलट आहे. पेम्ब्रोलिझुमॅब कोणाला लागू पडेल हे तिच्यावरून ठरते, आणि २०१९ च्या आंतरराष्ट्रीय चाचणीत जिथे ती खूण जास्त होती तिथे फायदाही जास्त होता. पण त्या औषधाचा खर्च बहुतेक शेतकरी कुटुंबांच्या कल्पनेपलीकडचा आहे. टाटाच्या डॉक्टरांनी वेगळा मार्ग धरला. बरा होण्यापलीकडे गेलेल्या आजारात त्यांनी निवोल्युमॅब या औषधाची मात्रा केवळ २० मिलिग्रॅमवर, म्हणजे नेहमीच्या दहाव्या हिश्श्याहूनही खाली आणली आणि ती मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब व एर्लोटिनिबच्या गोळ्यांबरोबर दिली. वर्षभर जगलेल्यांचे प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्के झाले, आणि रुग्ण निवडताना पीडी-एल-१ची अट घातलेली नव्हती. उपचारच परवडणारा झाला, तर महागड्या खुणेवाचून अडत नाही, असाही याचा अर्थ होतो.

खूण आणि कारण यांची गल्लत किती महागात पडते, याचा धडा हिमोग्लोबिनने दिला आहे. रक्त कमी असलेल्या रुग्णांत किरणोपचाराचा गुण कमी येतो, हे जुने निरीक्षण. गाठीला प्राणवायू कमी मिळाला की किरणांचा मारा बोथट होतो, हे त्याचे पटण्याजोगे स्पष्टीकरण. मग औषध देऊन हिमोग्लोबिन वाढवले तर? २००३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या एका चाचणीत ३५१ रुग्णांपैकी निम्म्यांना एरिथ्रोपोएटिन दिले. हिमोग्लोबिन ठरल्याप्रमाणे वाढले, पण औषध घेतलेल्यांत आजार उलटण्याचे आणि मृत्यूचे प्रमाण जास्त निघाले. आकडा सुधारला आणि रुग्णाची प्रकृती ढासळली. हळदीच्या जिल्ह्यात हे विशेष लक्षात ठेवायला हवे. वसमतची हळद नावाजलेली आहे आणि तिच्यातले कुर्क्युमिन कर्करोगावर चालते, असा विश्वास गावोगाव आहे. प्रयोगशाळेतल्या पेशींवर कुर्क्युमिन खरोखरच पुष्कळ खुणा बदलते. पण पोटातून ते रक्तात अगदी थोडे उतरते, आणि खुणा बदलल्याने घशाच्या कर्करोगाचा रुग्ण वाचतो असे सिद्ध झालेले नाही. हळद जेवणात असावी. तिच्या भरवशावर किरणोपचार पुढे ढकलू नयेत.

रक्ताच्या साध्या तपासणीत, सीबीसीत, आणखी एक खूण मिळते. न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट या दोन पांढऱ्या पेशींचे प्रमाण एकमेकांशी ताडून पाहायचे. न्यूट्रोफिल ७८ आणि लिम्फोसाइट १३ असे छापून आले, तर भागाकार सहा येतो. ६० आणि ३० असेल तर दोन. डोके-मानेच्या कर्करोगावरील अनेक अभ्यासांत उपचाराआधी हा भागाकार मोठा असलेल्या रुग्णांचे भवितव्य तुलनेने वाईट निघाले आहे. रक्तातील अल्ब्युमिन आणि गेल्या काही महिन्यांत घटलेले वजन यांचेही तसेच. अशा खुणा ढोबळ आहेत, एखाद्या तापाने किंवा दातातल्या पुवानेही हा भागाकार वाढतो, असा आक्षेप घेतला जातो आणि तो बरोबर आहे. त्यांच्यावरून कोणाचेही उपचार नाकारणे चूक ठरेल. पण वजन आठ किलोने उतरलेल्या, अल्ब्युमिन घसरलेल्या माणसाला किरणोपचार सुरू होण्याआधीच नाकातून नळी घालून पोषण द्यावे, दात काढून जखमा भरू द्याव्यात, हे तर या खुणांवरून ठरवता येते. असा निर्णय खर्चिक नसतो आणि उपचार अर्धवट सुटण्याची शक्यता तो कमी करतो. नव्या-जुन्या शेकडो खुणांची नावे शोधनिबंधांत येतात आणि त्यांतल्या बहुतेक पुढच्या अभ्यासात टिकत नाहीत. रुग्ण थोडे, सीमारेषा निकाल पाहून आखलेली, फसलेले निकाल छापायचेच नाहीत, ही त्याची कारणे. २००५ मध्ये ‘रीमार्क’ ही लेखनशिस्त याच बेशिस्तीला आवर घालण्यासाठी आली. पुढच्या प्रकरणांत कोणती खूण किती अभ्यासांत टिकली, हे वाचकाने आवर्जून पाहावे.

सर्वांत जोरकस आक्षेप वेगळाच आहे. हिंगोलीच्या रुग्णाला किरणोपचारांसाठी दोनशे किलोमीटरच्या घरात असलेल्या छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयापर्यंत किंवा थेट मुंबईपर्यंत जावे लागते, तिथे सात आठवडे राहायची सोय करावी लागते, आणि आपण खुणांची चर्चा करतो. आधी यंत्रे आणा, आधी तंबाखू सोडवा. या आक्षेपातला कळवळा मला मान्य आहे, निष्कर्ष मान्य नाही. घशाच्या कर्करोगाचे किरणोपचार आठवड्यातून पाच दिवस, तेहतीस ते पस्तीस वेळा होतात आणि ते लांबले तर प्रत्येक वाया गेलेल्या दिवसामागे गाठ आटोक्यात येण्याची शक्यता टक्का-दीड टक्क्याने घटते, असे जुने हिशेब आहेत. सोयाबीनच्या काढणीसाठी आठवडाभर गावी गेलेला रुग्ण हे नुकसान सोसतो. १९९३ च्या कॅनडातील अभ्यासात किरणोपचार चालू असतानाही धूम्रपान करणाऱ्यांपैकी दोन वर्षांनी ३९ टक्के जिवंत होते, न करणाऱ्यांपैकी ६६ टक्के. हे आकडे एचपीव्हीच्या आकड्यांइतकेच बोलके आहेत. ते ‘जैविक’ नाहीत म्हणून बाजूला ठेवायचे की खुणांच्या शेजारी मांडायचे? मी शेजारी मांडीन. कोणत्या रुग्णाला उपचारादरम्यान शहरातच ठेवणे, पोषण देणे, व्यसन सोडवायला मदत करणे सर्वांत गरजेचे आहे, हे ओळखायला खुणाच उपयोगी पडतात. साधने तोकडी असतात तिथे ती कोणाला आधी द्यायची, हा प्रश्न श्रीमंत देशापेक्षा अधिक टोकदार असतो. शिवाय आडवळणाच्या जिल्ह्याला बारकाईचे विज्ञान कशाला, हे म्हणणेच मला पटत नाही. गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या ‘लायगो-इंडिया’साठी देशभरातून निवड झाली ती याच जिल्ह्यातल्या औंढ्याची.

आणखी एक शंका माणुसकीच्या पोटी येते. वाईट खूण निघाली असे सांगितले तर रुग्ण धीर सोडील, घरचे पैसे लावणार नाहीत, शेत विकायचे की नाही याचा फैसला त्या कागदावर होईल. ही भीती खरी आहे. तिचे मूळ खुणेपेक्षा ती सांगण्याच्या पद्धतीत आहे. ‘शंभरातले चाळीस’ हा आकडा शंभर जणांच्या गटाबद्दल बोलतो. समोर बसलेला माणूस त्या चाळिसांत आहे की साठांत, हे कोणतीही खूण सांगत नाही. डॉक्टरांनी आकड्याबरोबर पुढची वाट सांगितली, म्हणजे हे कमी आहे म्हणून आपण अमुक करणार आहोत असे म्हटले, तर कुटुंबाला निर्णय घेता येतो. पुढे करायचे काहीच नसेल, तर ती तपासणी करण्याची घाई तरी का करावी? आणि जिथे आजार बरा होण्यापलीकडे गेला आहे, तिथे खरे सांगितल्याने कर्ज टळते, वेदनाशामक उपचार वेळेवर सुरू होतात, माणूस आपल्या घरी राहू शकतो. सत्य दडवून शेत विकायला लावणे हा दयाळूपणा नव्हे.

या सगळ्याची सुरुवात मात्र एका छोट्या बाटलीपासून होते. घशातून काढलेला तुकडा दहा टक्के फॉर्मेलिनमध्ये, तुकड्याच्या दहापट द्रवात, लगेच टाकावा लागतो. तो सलाइनमध्ये पडून राहिला, बाटलीवर वेळ लिहिली नाही किंवा प्रवासातच तीन-चार दिवस गेले, तर पेशींतली प्रथिने नासतात. मग मुंबईतल्या उत्तम प्रयोगशाळेतही पी-१६चा रंग फिका उमटतो आणि रिपोर्टवर ‘नाही’ असे लिहून येते. खूण गाठीत होती, ती बाटलीत हरवली. त्यानंतर मेणाचा ठोकळा आणि काचा रुग्णाच्या हातात देताना त्या किती काळ जपायच्या, कोणाला दाखवायच्या, हे मराठीत लिहून द्यायला हवे. पिशवीतल्या एक्स-रेंबरोबर उन्हात वितळलेला ठोकळा पुन्हा तुकडा काढायची वेळ आणतो. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळ्या झालेल्या हिंगोली जिल्ह्याला २०२४ मध्ये स्वतःचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळाले. तिथल्या विकृतिशास्त्र विभागाने पहिल्या दिवसापासून ही शिस्त लावली, तर पुढच्या दहा वर्षांत मराठवाड्यातल्या तंबाखूजन्य घशाच्या कर्करोगाचा असा संग्रह तयार होईल, ज्यावर परदेशी सीमारेषा तपासून पाहता येतील.

नुसता संग्रह पुरत नाही. रुग्णाचे पुढे काय झाले हेही कळायला हवे, नाहीतर खुणेचा अर्थ लावायचा कशावर? बार्शीने हे ग्रामीण भागात करून दाखवले आहे. १९८७ मध्ये तिथे देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतल्या गावांत कार्यकर्ते जाऊन माहिती घेत, लक्षणे समजावून सांगत. त्याचा परिणाम म्हणून स्त्रियांचे गर्भाशयमुखाचे कर्करोग आधीच्या स्टेजला सापडू लागले. नोंद ठेवणे हेच उपचाराचे काम करू लागले, असे म्हणता येईल. ते काम हिंगोलीच्या पाच तालुक्यांत घशाच्या कर्करोगासाठी करता येणार नाही, असे मानायला कारण नाही. आशाताई घरोघरी जातातच. त्यांच्या वहीत तीन आठवड्यांपेक्षा जास्त बसलेला आवाज, गिळताना एकाच बाजूला दुखणे, मानेतली न दुखणारी गाठ एवढ्या तीन गोष्टींचा रकाना वाढवला, तरी रुग्ण आधी सापडतील.

पुढची प्रकरणे खुणांच्या प्रकारांनुसार लावली आहेत: आधी विषाणूच्या, मग जनुकांच्या, मग प्रतिकारशक्तीच्या आणि शेवटी रक्तातल्या साध्या खुणा. ज्या डॉक्टरांना घाई आहे त्यांनी शेवटून सुरुवात केली तरी चालेल, कारण उद्याच्या ओपीडीत उपयोगी पडेल असे सगळ्यांत जास्त तिथेच आहे. वाचताना हाताशी एक कोरा तक्ता असावा. त्यात रोजच्या विड्या आणि तंबाखूच्या चिमटी किती व किती वर्षे. गाठ घशाच्या नेमक्या कोणत्या भागात. तुकडा फॉर्मेलिनमध्ये कधी टाकला. पी-१६, आणि ते असल्यास विषाणूची थेट तपासणी. हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन, अल्ब्युमिन, न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट. गेल्या सहा महिन्यांत उतरलेले वजन. किरणोपचाराची पहिली आणि शेवटची तारीख, मधले चुकलेले दिवस. व्यसन सुटले की नाही. आणि दोन वर्षांनी फोन केल्यावर कळलेली प्रकृती, एवढे रकाने हवेत.